प्लग पुसून आणू नये

बाईंनी मला पहिल्या भेटीत परत पाठवलं, दुसऱ्या भेटीतही परत पाठवलं, आणि तिसऱ्या भेटीत चार स्पार्क प्लग विकले तेही उपकार केल्यासारखे. मी तेव्हा चिडलो होतो. आजही चिडलेलोच आहे, फक्त आता बाईंवर नाही. कुणाकुणावर ते सांगतोच, आणि त्या यादीत माझं स्वतःचं नाव बरंच वर आहे.

वसईजवळच्या भुईगावात किनाऱ्याकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर, केळीच्या वाडीला लागून, त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, तिला रस्त्याच्या बाजूने शटर लावलेलं. नावाची पाटी नाही. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेली एक सूचना तेवढी टांगलेली: ‘प्लग पुसून आणू नये.’ आणि खाली जरा बारीक अक्षरात: ‘जुना प्लग न आणता येऊ नये.’ फिल्टर, पट्टे, बल्ब असलं सगळं बाई ठेवत, पण ते द्यायच्या पोस्टातला माणूस तिकीट देतो तसं, मान वर न करता. त्यांचा जीव प्लगमध्ये.

बहुतेक सगळे त्यांना आंटी म्हणायचे आणि त्यांना ते बिलकूल खपत नसे. “मी तुझी आंटी कधी झाले? तुझ्या आईला विचार, मला ओळखते का,” असं त्या धडधाकट पुरुषांना ऐकवत. म्हणून मी बाई म्हणू लागलो. त्यावर त्यांनी काही आक्षेप घेतला नाही, म्हणजे चाललं असावं.

मी राहायला आचोळ्यात, नोकरी वसईत एका कंपनीच्या खरेदी विभागात. चाळिशी आली की काही लोक डोंगर चढायला लागतात, काही पेटी शिकतात. मी गाडीला टर्बो बसवून घेतला. दहा वर्षांची जुनी पेट्रोल गाडी, तिच्या इंजिनात दाबून जास्त हवा भरायची आणि जास्त ताकद काढायची, असा तो प्रकार. हे काम करून देणारा माणूस नायगावात होता, नव्या टॉवरखालच्या एका मोठ्या गाळ्यात. काचेची केबिन, कॉफीचं मशीन, भिंतीवर टायर टांगलेले. त्याला सगळे ‘सर’ म्हणत. तो काही शिकवत नव्हता, तरी सर. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण मीही सर म्हणायचो.

सरांनी सांगितलं, “प्लग एक नंबर थंड लागतील, ओरिजिनल बघून घ्या.” ऑफिसातल्या एका मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, “भुईगावला जा. विकले तर तिथलेच घे.”

“विकले तर म्हणजे?”

“जा तर खरं. आणि जुना प्लग घेऊन जा.”

मी गेलो. जाताना गाडीतला एक प्लग काढला, पेट्रोलने धुतला, ब्रशने घासून चकचकीत केला. शाळेत वही कव्हर घालून न्यावी तसा. टर्बोसाठी थंड प्लग हवेत, असं बाईंना सांगितलं. त्यांनी डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग लावलं, प्लग उजेडात धरला आणि शिळा मासा ठेवावा तसा काउंटरवर ठेवला.

“हा धुतलास?”

“हो, काळा झाला होता.”

“रक्त तपासायला देतोस, तेव्हा आधी धुऊन देतोस?”

त्यांनी सांगितलं, परत बसव, आठवडाभर रोजच्यासारखी गाडी चालव, मग चारी प्लग काढून आण. आठवड्याने मी चारी नेले, एका पिशवीत. पिशवी बघूनच त्यांनी कपाळाला हात लावला. “यातला पहिल्या सिलिंडरचा कुठला, चौथ्याचा कुठला, हे मी काय यांना विचारू?” पुन्हा परत. रविवारी दुकान बंद, म्हणजे आणखी एक शनिवार गेला. मला इतका संताप आला होता की मी रिक्षाने घरी येऊन, बिनप्लगच्या गाडीत बसून, काच वर करून दोन-चार शिव्या दिल्या.

तिसऱ्या वेळी प्रत्येक प्लग कागदात गुंडाळून, वर आकडा घालून नेला. बाईंनी दहा मिनिटं लावून चारी पाहिले. मग म्हणाल्या, “रोज चार-पाच किलोमीटर चालवतोस. तेही गर्दीत. गाडी नीट तापायच्या आत बंद होते.”

खरं होतं.

“मग टर्बो कशाला? कुठे पोचायचं आहे तुला एवढ्या घाईने?”

मी म्हणालो, “कुठे नाही. हौस आहे.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “हौस चालेल. गरज म्हणाला असतास तर दिले नसते.”

मग त्यांनी मला समजावलं, आणि मी कबूल करतो की इतक्या वर्षांत गाडीबद्दल इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. प्लगाचं काम नुसतं ठिणगी पाडणं नाही. आपल्या अंगातली उष्णता बाहेर टाकणं हे त्याचं दुसरं काम. आतल्या चिनीमातीचं नाक लांब असेल तर प्लग उष्णता धरून ठेवतो, त्याला गरम प्लग म्हणतात. नाक आखूड असेल तर पटकन सोडतो, तो थंड. फार थंड घातला तर काजळी धरून बसतो, गाडी चालू व्हायला रडते. फार गरम घातला तर तो स्वतःच निखारा होतो आणि ठिणगीची वाट न बघता पेट्रोल पेटवतो, भलत्याच वेळी. मग पिस्टन जातो. टर्बोने आतली उष्णता वाढते, म्हणून एक पायरी थंड. आणि दोन टोकांमधली फट कमी करायची.

“फट कमी कशाला?” मी विचारलं.

“वाऱ्यात काडी ओढतोस तेव्हा हात वातीच्या जवळ नेतोस ना? हवा दाबून भरली की ठिणगीला लांब उडी मारता येत नाही.”

पातळ पत्र्याच्या मापाने त्यांनी प्रत्येक प्लगाची फट तीन-तीनदा तपासली. देताना म्हणाल्या, “हे आजच्या गाडीचे प्लग आहेत. उद्या दाब वाढवलास तर परत ये. आणि कंपनी बदलू नकोस. यांचा आकडा वर गेला की प्लग थंड होतो, त्या दुसऱ्या कंपनीचा आकडा वर गेला की गरम. उलटं आहे. कुणी असं ठरवलं देव जाणे, पण आहे.”

मी मान डोलावली. हे वाक्य मी ऐकलं होतं, हे इथेच लिहून ठेवतो. नंतर मला ऐकलंच नव्हतं असं म्हणायची सोय राहू नये.

बाईंनी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा कोर्स केला होता. वर्गात त्या एकट्या मुलगी. नंतर तेवीस वर्षं वसई पूर्वेच्या एका कारखान्यात, इंजिनाचे भाग तपासायच्या खात्यात. कारखाना बंद पडला तेव्हा त्या भुईगावच्या घरी परतल्या आणि दुकान टाकलं. लग्न केलं नाही. भावाचं कुटुंब मागच्या घरात. भावाशी त्या त्यांच्या घरच्या बोलीत बोलायच्या, भराभर, आणि त्यातलं मला अर्धंही कळत नसे. पण रागावल्या की त्याच बोलीत रागवायच्या, तेव्हा मात्र अर्थ लागायचा.

कारखान्यातली एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. माल तपासताना त्यांना एका खेपेत खोट सापडली. मॅनेजर म्हणाला, शिक्का मारा, गाडी उभी आहे. यांनी मारला नाही. तो दुसऱ्याकडून मारून घेईल हे दिसल्यावर त्या उठून खोक्यांवर जाऊन बसल्या. जेवणाची सुट्टी झाली, चहाची झाली, त्या बसून. शेवटी वरचा साहेब आला, त्याने दोन खोकी फोडून पाहिली आणि खेप परत गेली. मी विचारलं, “मग तुम्हाला बढती मिळाली असेल.” त्या हसल्या. “पुढच्या वर्षी पगारवाढ सगळ्यांना झाली. मला सोडून.”

गावच्या चर्चच्या सणाला एकदा मिस्सा, म्हणजे मुख्य प्रार्थना, चालू असताना जनरेटर अडखळायला लागला. लाउडस्पीकर मधेच गप्प व्हायचा, मधेच खेकसायचा. बाई जागेवरून उठल्या, बाहेर जाऊन जनरेटरचा प्लग काढला, साफ केला, बसवला आणि आत येऊन परत आपल्या जागी गुडघे टेकले. फादरांच्या हातून कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उभ्या राहिल्या तेव्हा बोटं काळी होती. फादर क्षणभर थांबले म्हणे, मग दिलं. “त्यांना आवाज हवा होता की नको?” बाई मला विचारत होत्या, जणू मी फादरांच्या बाजूचा होतो.

शनिवारी किनाऱ्यावर येणाऱ्या मोठ्या गाड्यांतले लोक कधी दुकानात डोकवायचे. असाच एक जण म्हणाला, “आंटी, सबसे बढिया प्लग दे दो, पैशाचा प्रश्न नाही.” बाईंनी आपला चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. “सगळ्यात चांगल्या नंबरचा चष्मा कुठला ते सांग, मी आजच करून घेते.” तो न समजता निघून गेला. पण त्याच दिवशी भाजी नेणारा एक टेम्पोवाला आला, भातशेतीच्या गावचा, बाईंना मावशी म्हणणारा. त्याच्या काळ्याभोर प्लगांकडे बघून बाई म्हणाल्या, “गाडी चालू ठेवून गप्पा मारत उभा राहतोस.”

“मावशी, तुला कोनी सांगितलं?”

“या चौघांनी.”

तो चांगलाच चपापला. त्या माणसाला बाईंनी काही विकलं नाही. प्लग साफ करून परत दिले आणि गप्पा मारायच्या तर गाडी बंद करून मार म्हणून सांगितलं. असं दुकान चालतं का? पण चालत होतं. रिक्षावाले, टेम्पोवाले, वाडीवाले, आसपासचे गॅरेजवाले, सगळे पंधरा-पंधरा वर्षं फुकटचा सल्ला घेऊन जात होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे यातले बरेच जण कसे वागले ते मला विसरायचं नाही.

गाडी सहा महिने उत्तम चालली. मग सरांनी जाहीर केलं की एका रविवारी सकाळी आपल्या सगळ्या गाड्यांनी मिळून महामार्गावर मनोरपर्यंत जायचं. त्यांच्याकडून काम करून घेतलेल्यांचा व्हॉट्सॅप ग्रुप होता, त्यात एकच जल्लोष. सर मला म्हणाले, “तुमचा दाब थोडा वाढवून देतो. आणि हे आंटीचे प्लग काढू. सरकारी आहेत हो. हे बघा, रेसिंगचे. एक नंबर वरचे, म्हणजे अजून थंड.”

खोकं दुसऱ्या कंपनीचं होतं. माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं. बाईंचं वाक्य नेमकं आठवलं नाही, पण काहीतरी होतं हे आठवलं. विचारायला तोंड उघडलंही होतं. पण काचेच्या केबिनमध्ये आणखी दोघं बसले होते, सर हसत होते, आणि मला अडाणी दिसायचं नव्हतं. बाईंचे चार प्लग सरांनी पिशवीत घालून माझ्या हातात दिले. मी ते घरी खणात टाकले.

रविवारी बायको शेजारी बसली होती. मनोर यायच्या जरा आधी इंजिनातून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. मी पाय काढेपर्यंत दणका बसला, मागे पांढरा धूर, आणि गाडीतली ताकद एकदम गेली. आम्ही उजव्या लेनमध्ये होतो. मागून कंटेनर येत होता, त्याने हॉर्न दाबून धरला आणि आमच्या बाजूला घासून गेल्यासारखा गेला. कशीबशी गाडी कडेला घेतली. बायको दार उघडून उतरली, लोखंडी कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आपण मेलो असतो.”

सरांनी इंजिन उघडलं. एका पिस्टनला आरपार भोक. दोनच दिवसांत त्यांचा व्हिडिओ आला. माझ्या गाडीसमोर उभे राहून, पिस्टन हातात धरून ते गंभीरपणे सांगत होते की भुईगावच्या एका दुकानातून घेतलेल्या डुप्लिकेट प्लगमुळे एका कुटुंबाचा जीव जाता जाता वाचला. दुकानाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज काय? भुईगावात प्लगचं दुकान एकच.

मला त्यांनी फोन करून सांगितलं, “इंजिन मी माझ्याकडून बांधून देतो. तुम्ही काही बोलू नका, बस.”

आणि मी काही बोललो नाही. तीन आठवडे. मी स्वतःला कारणं दिली. सर म्हणतात त्यात काही तथ्य असेल. बायकोला कळलं की प्लग बदलताना मी तिथे उभा होतो तर काय वाटेल. गाडी सरांच्या ताब्यात आहे. ही कारणं आज लिहिताना मला लाज वाटते, तेव्हा मात्र ती फार शहाणपणाची वाटत होती. रोज व्हिडिओखालच्या कमेंटी वाचायचो. जन्मात भुईगावला न गेलेले लोक लिहीत होते की त्या बाईवर त्यांना आधीपासूनच संशय होता. ज्यांना मी दुकानात पाहिलं होतं ते लिहीत होते की हल्ली वस्तू बरोबर देत नाहीत. सूचनेच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी लाल रंगात ‘डुप्लिकेट’ लिहून गेलं. आसपासच्या गॅरेजवाल्यांनी माल घेणं थांबवलं. एकानेही जाऊन विचारलं नाही की बाई, खरं काय? पंधरा वर्षं त्यांच्या काउंटरवर कोपरं टेकलेली माणसं ही.

एका रविवारी दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. लिफ्ट बंद होती. बाई चार मजले चढून आल्या होत्या, धाप लागलेली, छत्री हातात. प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता आणि प्लगाचा तपशील त्या वहीत लिहून ठेवत, व्हिडिओतली गाडी ओळखून त्यावरून आल्या असणार. बायकोने दार उघडलं.

“यांच्या गाडीत माझे प्लग होते. ते बघायला आलेय.”

बायकोने त्यांना बसवलं, पाणी दिलं. मी खणातून पिशवी काढली. पिशवी बघून बायकोच्या कपाळावर आठी पडली, कारण जळलेले प्लग घरी यायचं कारण नव्हतं. बाईंनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, चारी प्लग ओळीने ठेवले आणि भिंग बायकोच्या हातात दिलं.

“बघ. टोकाला कसला रंग आहे?”

बायकोने डोळा बारीक करून पाहिलं. “बिस्किटासारखा.”

“चारींचा?”

“चारींचा.”

“जळलेत? फुटलेत? वितळलेत कुठे?”

“नाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. बायकोने पाहिलं. “म्हणजे हे गाडीत नव्हतेच,” ती म्हणाली. “तुला माहीत होतं?”

मी हो म्हणालो. ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ येतच राहिला.

मला वाटलं, आता बाई माझी खरडपट्टी काढतील. ते झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, “मग कुणाचे घातले? आकडा काय होता?”

मी कंपनी सांगितली, आकडा सांगितला. त्यांनी मनाशी हिशोब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. इतका वेळ रागात होत्या, तो राग कुठेतरी गेला आणि त्या जागी दुसरंच काही आलं.

“हे त्याने आणखी किती गाड्यांत घातलेत?”

तीन आठवड्यांत हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. ग्रुपमध्ये तीसेक माणसं होती. मी फक्त माझी अब्रू मोजत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून बाईंबरोबर नायगावला गेलो. सर केबिनमधून बाहेर आले. “अरे, आंटी. या, बसा. कॉफी?”

“मी तुझी आंटी नाही. यांच्या गाडीतून निघालेले प्लग दाखव.”

गाळ्यात चार-पाच गिऱ्हाइकं होती, त्यामुळे सरांना नाही म्हणता येईना. प्लग एका ट्रेमध्ये पडले होते. पांढरेफटक, फोड आलेले, एकाचं टोकच नाही. बाईंनी तो उजेडाकडे धरून गिऱ्हाइकांना दाखवला. “हे बारीक रुपेरी ठिपके चमकताहेत ना, तो पिस्टन आहे. वितळून इथे येऊन बसलाय.” मग सरांच्याच फळीवरून त्या कंपनीचं माहितीपत्रक घेतलं, पान उघडलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं. आकडा वाढेल तसा प्लग गरम. “तू यांना थंड म्हणून गरम घातलास. वर दाब वाढवलास.”

सरांनी पान पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. मग ते म्हणाले, “छापण्यात चूक असेल.”

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

कुणी हसलं. सर चिडले. “तुम्हाला पाहिजे काय? व्हिडिओ काढून टाकू? टाकतो.”

“व्हिडिओ ठेव नाहीतर काढ. ज्यांच्या गाडीत हे घातलेस त्यांना फोन कर. आता, माझ्यासमोर.”

“असा धंदा होत नाही, मॅडम.”

बाईंनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, गाळ्याच्या तोंडाशी नेली आणि तिच्यावर बसून छत्री उघडली. येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला त्या थांबवायच्या, विचारायच्या, आकडे समजावायच्या, फट कमी का करायची ते सांगायच्या. सरांनी सोसायटीच्या वॉचमनला बोलावलं. वॉचमनने सगळं ऐकून घेतलं आणि बाईंना पाण्याची बाटली आणून दिली. संध्याकाळी त्या घरी गेल्या, दुसऱ्या दिवशी नऊला परत हजर. मी ऑफिसला गेलो होतो. मला ते कळलं तेव्हा मात्र बसवेना. जेवणाच्या सुट्टीत ग्रुपवर लिहिलं: माझ्या गाडीत भुईगावचे प्लग नव्हते, सरांनी बदललेले होते, ते चुकीचे होते, ज्यांच्या गाडीत तसेच असतील त्यांनी गाडी चालवू नये. थोड्याच वेळात मला ग्रुपमधून काढून टाकलं. पण ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं.

त्या आठवड्यात नऊ गाड्यांचे प्लग भुईगावला आले. दोन गाड्यांच्या प्लगांवर रुपेरी ठिपके होते. त्यातली एक विरारच्या एका डेंटिस्टची. तो आठवड्यातून दोनदा आईला त्या गाडीतून डायलिसिसला नेत होता. बाईंनी भिंगातून त्याला ठिपके दाखवले, तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. बाईंनी त्याला बसू दिलं. पुढचं गिऱ्हाईक घाई करत होतं, त्याला त्या म्हणाल्या, “थांब जरा.”

आता सगळं नीट झालं असं वाटेल. झालं नाही. सरांना काही झालं नाही. पहिला व्हिडिओ काढून त्यांनी दुसरा टाकला, ‘मॉडिफाय केलेल्या इंजिनाला योग्य प्लग कसा निवडावा’. त्यात कंपन्यांचे उलटसुलट आकडे, लांब नाक, आखूड नाक, सगळं होतं. वाऱ्यात काडी ओढायचं उदाहरणसुद्धा. दोन दिवस गाळ्याच्या दाराशी बसून बाई जे लोकांना सांगत होत्या, ते यांनी केबिनमध्ये बसून पाठ केलं होतं. मी तो व्हिडिओ घेऊन तडक भुईगावला गेलो. बाईंनी शेवटपर्यंत पाहिला.

“बरोबर सांगितलंय ना?”

“हो, पण ते तुमचं—”

“बरोबर सांगितलंय ना? मग झालं.”

मला नाही पटलं. आजही पटत नाही. सरांचा गाळा आता दुप्पट झालाय. बाईंची निम्मी गिऱ्हाइकं गेली ती परत आली नाहीत. कुठे विषय निघाला की लोक अजून म्हणतात, ती डुप्लिकेटवाली ना? खोटं सांगायला एक व्हिडिओ पुरला. खरं सांगायला किती पुरतील कोण जाणे.

माझ्याकडून बाईंनी एकच गोष्ट मागितली. लेखी दे म्हणाल्या, दुकानात लावायला. मी घरी बसून छान टाइप केलं. ‘गैरसमजातून सदर दुकानाबद्दल जी चर्चा झाली’ वगैरे. बाईंनी वाचलं.

“गैरसमज कुणाचा झाला होता?”

“लोकांचा.”

“आणि तुझा?”

मी टाइप केलेल्या कागदाची घडी घातली.

“मग लोकांचं लोक लिहितील. तू तुझं लिही. हाताने.” त्यांनी वहीतलं एक पान फाडून काउंटरवर ठेवलं.

उभ्याउभ्या लिहिलं: माझ्या गाडीत या दुकानातले प्लग नव्हते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून मी तीन आठवडे गप्प बसलो. खाली नाव, गाडीचा नंबर, पत्ता. बाईंनी वाचून पत्त्यावर रेघ मारली. “हा नको. घरी बायको आहे तुझी.” बाकीचं तसंच ठेवलं आणि काचेखाली घालून भिंतीला लावलं.

टर्बो मी काढून टाकला. गाडी तीच आहे, साधी. प्लग तपासायला वर्षातून एकदा बाईंकडे जातो. त्या अजूनही माझ्याशी गरजेपुरतंच बोलतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

गेल्या वेळी ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेलो होतो. बाई उपवासकाळात चहा सोडतात, त्यामुळे त्या दिवसांत त्यांच्याशी कुणी फार बोलत नाही. एक नवा माणूस काउंटरशी उभा होता, नायगावकडे नुकताच राहायला आलेला असावा. बाई माझा पहिला प्लग भिंगाखाली बघत होत्या. तो माणूस भिंतीवरचा कागद वाचत होता, वाचून झाल्यावर परत वाचला. मग म्हणाला, “बापरे. कोण हो हा माणूस?”

मी हातात कागदाच्या पुड्या धरून शेजारीच उभा होतो. बाईंनी भिंगातून मान वर केली नाही.

“गिऱ्हाईक आहे माझं,” त्या म्हणाल्या, आणि दुसरा प्लग घ्यायला माझ्याकडे हात केला.